आबांची ३१५

शुक्रवारी ऑफिसमधून जरा लवकर कल्टी मारून हुतात्मा पकडली. कारण आबांचा फोन. आबा म्हणजे माझे आजोबा, वय वर्षं ८४. त्यांचं फोनवरचं बोलणं अजून तार केल्यासारखं असतं. "बंदुकीचं बघायचंय. ये." ठेवला फोन.

आमच्या घरात तीन बंदुका आहेत हे मी पुण्यात सहसा कुणाला सांगत नाही. एकदा टीम लंचला बोलून गेलो, तर पुढचे सहा महिने माझ्या कोडला रिव्ह्यूमध्ये कुणी नावं ठेवली नाहीत :) प्रत्यक्षात तिन्ही लायसन्सच्या, आणि तिन्ही वर्षानुवर्षं कपाटात. आमचं गाव नान्नजजवळ, माळढोक अभयारण्याच्या शेजारी. शेतकऱ्याकडे पिकाच्या राखणीला बंदूक असणं तिकडे एके काळी काही विशेष नव्हतं. एक बारा बोअर आणि एक ३१५ रायफल काकाच्या नावावर. दुसरी ३१५ आबांच्या नावावर, ती त्यांच्या वडिलांची.

प्रश्न असा होता. लायसन्सधारक सत्तरीचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, की तो हयात असतानाच ती वारसाच्या नावावर करता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्काने आलेलीही त्यात मोजली जाते. म्हणजे काकाचा कोटा फुल्ल. माझे वडील बँकेत होते, त्यांना फटाक्यांची पण भीती. राहिलो मी.

शनिवारी सकाळी आबांनी ओसरीवर सोलापुरी चादर अंथरली आणि दोन्ही रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. त्याआधी प्रत्येकीचा बोल्ट मागे ओढला, मॅगझिन काढलं, आत करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. काकाने दहा मिनिटांपूर्वीच हे सगळं त्यांच्यादेखत केलं होतं, पण आबांचा दुसऱ्याच्या टेस्टिंगवर विश्वास नाही.

"तू इंजिनियर हाईस न्हवं? दोन्ही बग. यातली चांगली कुठली ते सांग."

तर मंडळी, आता जरा तांत्रिक. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

आबांची रायफल बीएसएची, बर्मिंगहॅमची. लहानपणी मला बीएसए म्हणजे सायकल एवढंच माहीत होतं. चौथीत माझ्याकडे बीएसए एसएलआर सायकल होती आणि आमच्या बंदुकीवर सायकलचं नाव का, असं मी आबांना विचारलं होतं. उलटं आहे हे खूप नंतर कळलं. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, सायकली नंतर आल्या. कंपनीचा शिक्का म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. काकाची रायफल इच्छापूरची. बंगालमधल्या तिथल्या कारखान्यात १९०४ पासून रायफली बनतात. काकाने १९९४ मध्ये, द्राक्षाचे पहिले बरे पैसे आले तेव्हा घेतली.

दोघींच्या आतलं यंत्र मात्र एकाच घराण्यातलं. जेम्स पॅरिस ली नावाचा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला माणूस होता. त्याने आखलेला बोल्ट ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये घेतला, आणि त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री नॉट थ्री. गोळी सुटताना काडतूस जोरात मागे रेटतं, तो रेटा बोल्टच्या खुंट्या झेलतात. जर्मन माउझरमध्ये मुख्य खुंट्या बोल्टच्या पुढच्या टोकाला, लीच्या बोल्टमध्ये मागे. पुढच्या खुंट्या जास्त दाब सोसतात. मागच्या खुंट्यांनी बोल्टची चाल छोटी होते, मूठ थोडीच फिरवावी लागते आणि हात झरझर चालतो. मूठ वर उचलताना माउझर जड लागते, कारण स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते. लीची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते. डोळे मिटून हातात दिलं तरी फरक कळावा.

मग यांना थ्री नॉट थ्री का म्हणत नाहीत? कारण इंग्रजांना सैन्याची काडतुसं लोकांच्या हाती जायला नको होती. १८५७ त्यांच्या लक्षात होतं. त्यामुळे हिंदुस्थानात खाजगी माणसाला सैन्याचं बोअर बंद. बंदूकवाल्यांनी यावर तोड काढली. यंत्र तेच ठेवायचं आणि काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं वापरायचं, १८९० च्या सुमाराचं, ८ मिलिमीटरचं. ८ मिलिमीटर म्हणजे इंचात ०.३१५. ते साम्राज्य १९१८ मध्ये संपलं, इंग्रज १९४७ मध्ये गेले, पण थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला बंदच राहिली आणि ३१५ चालू. काडतुसं बनत होती पुण्यात, खडकीला! आम्ही ऑफिसात बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीच्या नावाने रडतो. इथे तर ज्या सिस्टीमसाठी फॉरमॅट बनवला ती जाऊन शंभर वर्षं झाली, तरी फॉरमॅट सपोर्टेड आहे.

आता दोघींतला फरक. आबांच्या रायफलीचा दस्ता अक्रोडाचा, सडपातळ, मुठीपाशी बारीक चौकडी कोरलेली. मागच्या बाजूला नेम धरायच्या घडीच्या छोट्या पट्ट्या, शंभर यार्डाची वेगळी, दोनशेची वेगळी. खांद्याला लावली की डोळा आपोआप पुढच्या माशीवर येतो. शिकारीचा शौक असलेल्या माणसासाठी बनवलेली वस्तू. काकाची रायफल साधी, दणकट, कामापुरती. दस्ता जाड, कोरीवकाम नाही. तिच्यात शौक नाही, राखण आहे. आणि ते बरोबरच होतं, कारण मध्ये १९७२ चा वन्यजीव कायदा आला. आबा म्हणतात, "त्या साली पाऊसबी गेला आन् शिकारबी." त्यानंतर आमच्या ज्वारीत काळवीट येऊन खाऊन जातं आणि आम्ही बघतो. (बघायला छान दिसतं, हेही खरं. पीक आपलं नसलं तर जास्त छान.)

काकाचा मुलगा दहावीत आहे. तो म्हणाला, "दादा, यंत्र एकच आहे तर एकीचा बोल्ट दुसरीत घालून बघू का?" हात पुढे गेलाच होता.

"ए! ठिव खाली!" आबांचा असा आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

आबांचं बरोबर होतं. लीच्या बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर बसवलेलं. बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट कारखान्यात त्या त्या रायफलीपुरती जुळवतात, म्हणून बोल्टवर आणि बंदुकीच्या अंगावर एकच नंबर ठोकलेला असतो. दुसरीचा बोल्ट आत जाईल, बसेलही. पण फट जास्त राहिली तर काडतूस फाटून गरम वायू थेट तोंडावर येऊ शकतो. कंपाईल झालं म्हणजे चालेलच असं नाही, हे आमच्या धंद्यात सोमवारी कळतं. तिथे जागेवर कळतं.

शेवटी नळी बघितली. बोल्ट काढून समोर पांढरा कागद धरायचा आणि मागून आत बघायचं. काकाची नळी आरशासारखी, आतले वळसे टोकापर्यंत स्वच्छ मोजता येत होते. मग आबांची. मी कागद सरकवला, बॅटरी घेतली, चष्मा पुसला. नळीच्या जवळजवळ निम्म्या लांबीत बारीक खड्डे होते. जुना, खोल गंज. वळशांच्या कडा गोल झालेल्या.

आबा समोर माझ्याकडे बघत बसले होते. खरं सांगतो, मनात पहिला विचार खोटं बोलायचा आला. ही रायफल पणजोबांनी रझाकारांच्या दिवसांत घेतली होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याआधीचे ते महिने. निजामाची हद्द आमच्यापासून लांब नव्हती. आबा तेव्हा सात वर्षांचे, पणजोबा रात्री ही उशाशी घेऊन ओसरीवर झोपायचे म्हणे. पुढे आयुष्यभर आबांनी तिला तेल दिलं, दर निवडणुकीला याच चादरीत गुंडाळून चौकीत जमा केली आणि सोडवून आणली. अशा माणसाला काय सांगणार, तुमची व्हर्जन बाद झाली म्हणून?

पण त्यांनी इंजिनियर म्हणून विचारलं होतं.

"आबा, दिसायला, हाताला तुमची चांगली. पण नळी गेलीय. इच्छापूरची चांगली."

कुणी काही बोललं नाही. आबांनी रायफल उचलून मांडीवर घेतली.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "पन्नास वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितलं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार काढल्यावर नळीत त्याचं मीठ राहतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून शिकारीहून आलं की आधी चुलीवर पाणी उकळायचं, नळीत ओतायचं, मग सुकवून तेल. हे रसायनशास्त्र आबांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं, त्यातलं क्लोरेटचं नाव तेवढं माझं. १९७१ च्या पावसाळ्यात आबा एकदा संध्याकाळी बार काढून घरी आले. चुलीवर पाणी ठेवलंच होतं. पण ते पाणी दुसऱ्या कामाला लागलं. आजीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. सुईण म्हणाली, माझ्याच्यानं होत नाही. रातोरात बैलगाडीतून सोलापूर गाठलं. आठ दिवस तिथेच. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले तेव्हा आबांना रायफल आठवली.

ते बाळ म्हणजे काका. ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. त्यालाही हे माहीत नव्हतं. "म्हणजे माझ्यामुळं गंजली होय?" म्हणून हसायला गेला, पण हसू काही नीट आलं नाही.

"मग मला कशाला बोलावलंत आबा? तुम्हाला माहीतच होतं की."

"तू नुसतं मायेपोटी घीन म्हणशील अशी भीती वाटली. पोलिसांची चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, दर पाच वर्सांनी नवं करायचं, तिकडं भाड्याच्या घरात लोखंडी कपाट. कशापायी? मी गेल्यावर तुला न्हाई म्हणता आलं नसतं. आत्ता म्हण."

मी 'नाही' म्हणालो. दोन अक्षरं, पण जीवावर आली.

सोमवारी काका आणि आबा रायफल परवानाधारक डीलरकडे जमा करून आले. फॉर्मवर कारण लिहायचं होतं, त्यासाठी आबांचा फोन आला. मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन घेतला.

"काय लिवू?"

"वय झालं म्हणून, असं लिहा आबा."

"कुणाचं?" एवढंच विचारलं, आणि ठेवला फोन.

चादर मात्र त्यांनी माझ्या बॅगेत कोंबली होती. इथे आल्यावर दोनदा धुतली. बंदुकीच्या तेलाचा वास अजून गेलेला नाही.