पंजाब मेल

राजूर गावाला रेल्वे नाही. पूर्वी तेथील माणसास मुंबईला जावयाचे असले, म्हणजे शिदोरी बांधून, कळसूबाईच्या पायथ्याशी असलेल्या बारी गावावरून घोटी स्टेशन गाठावे लागे. राजूरचे एक वृद्ध आजोबा आपल्या नातवंडांना बालपणीच्या अशाच एका प्रवासाची हकीकत मोठ्या आवडीने सांगत.

१९४६ साली ते वडिलांसमवेत इगतपुरीच्या फलाटावर उभे होते. तोच कसारा घाट चढून पंजाब मेल आली. हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. घाटातील चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र असल्यामुळे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. इगतपुरीस विजेचे इंजिन सोडून वाफेचे इंजिन जोडण्यात आले. मुलगा डोळे विस्फारून ते सारे पाहत राहिला.

"बाबा, ही गाडी कोठे जाते?"

"पंजाबात. ही वाट पार पेशावरपर्यंत जाते, बाळ."

१९१२ साली सुरू झालेली ही गाडी आरंभी बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरला जाई. २,४९६ किलोमीटरांचा तो प्रवास सुमारे सत्तेचाळीस तासांत पुरा होई. तेव्हा तिला अवघे सहा डबे असत. त्यांपैकी तीन टपालाचे, आणि उरलेल्या तिनांत केवळ शहाण्णव उतारूंची सोय असे. सामान्य जनांसाठी तिसऱ्या वर्गाचे डबे पुढे कित्येक वर्षांनी आले.

घरी परतताच मुलाने शाळेच्या नकाशात घोटीपासून पेशावरपर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढली. दुसऱ्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. रूळ जागच्या जागी होते; परंतु त्यांना छेदून सीमा गेली. पंजाब मेलची वाट फिरोजपूरपाशीच संपली. नव्या नकाशात मुलाच्या रेघेचे टोक परदेशात पडले.

गाड्यांच्या नशिबी निरनिराळे शेवट असतात. अमेरिकेत न्यूयॉर्क ते शिकागो अशी १९०२ पासून धावणारी ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड ही नामांकित गाडी १९६७ साली बंद पडली. विमानांनी आणि हमरस्त्यांनी तिचे उतारू ओढून नेले. पंजाब मेलला मात्र उतारूंची वाण कधी पडली नाही. मुंबई ते फिरोजपूर हे सुमारे १,९३० किलोमीटरांचे अंतर ती आजही तोडते.

आजोबांनी तो जुना नकाशा जपून ठेवला होता. एकदा नातीने तो उलगडला आणि विचारले, "आजोबा, ही रेघ चुकली आहे. पुसू का?"

आजोबांनी नकाशा हातात घेतला. त्या पुसट रेघेवरून त्यांनी घोटीपासून सावकाश बोट फिरविले. फिरोजपूरपाशी ते क्षणभर थांबले.

"नको, बाळ," ते म्हणाले. "मी ओढली तेव्हा ती बरोबर होती."