शेजारच्या घरचा नाताळ

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की बेळगावच्या खडेबाजारातील गिऱ्हाइकांचा रंग पालटतो. दिवाळीची वर्दळ केव्हाच ओसरलेली असते, लग्नसराईची खरेदी चालू असते, आणि त्यातच चोर्ला घाट चढून आलेली गोमंतकीय कुटुंबे कापडाच्या दुकानांतून दिसू लागतात. दुकानदार मराठीतून भाव सांगतो, गिऱ्हाईक कोंकणीतून घासाघीस करते, पलीकडच्या गाळ्यातून कन्नड ऐकू येते आणि हमाल दख्खनीत वाट मागतो. ज्या दोरीवर दिवाळीत आकाशकंदील टांगलेले असतात, तिच्यावरच आता कागदी चांदण्या लोंबू लागतात. कामट्यांना जात-धर्म विचारण्याची पद्धत आमच्या बाजारात अजून पडलेली नाही.

हा सण आमचा नव्हे. त्याचे नाव मात्र आमचेच होऊन गेले आहे. जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला ‘नाताळ’ हा पाव, बटाटा, चावी आणि पाद्री यांच्याबरोबर मराठीत शिरला व घरचाच झाला. आमच्या आजीला ‘नाताळची सुट्टी’ हे शब्द मुळीच परके वाटत नसत. अडचण येते ती समोरासमोर शुभेच्छा देताना. नातवंडे ‘मेरी ख्रिसमस’ म्हणून मोकळी होतात. कन्नड शेजारी ‘क्रिसमस हब्बद शुभाशयगळु’ म्हणतात. आपण मराठी माणसे मात्र हात अर्धवट जोडून, अर्धवट पुढे करून, काहीतरी पुटपुटतो. जो सण आपण मानत नाही त्याच्या शुभेच्छा कोणत्या तोंडाने द्याव्यात, हा संकोच खोटा नाही. पण सण ज्याचा आहे त्याला तो सुखाचा जावो, एवढेच आपण म्हणत असतो. श्रद्धेची कबुली तेथे कोणी मागितलेली नसते.

खडेबाजारातून कॅम्पात गेले की शहराचा चेहरा बदलतो. झाडांची सावली, लष्कराची आवारे, जुने बंगले आणि त्यांच्यामधून डोकावणारी चर्चे. येथे लंडन मिशनचे पाद्री आले ते १८२० साली. सेंट पॉल्स ही शाळा १८५६ ची. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला आणि कॅम्पातील फातिमा चर्च हे त्याचे मुख्य मंदिर. आमच्या गल्लीतील कितीतरी मुले मिशनच्या शाळांतून शिकली, घरी येऊन परवचा म्हणू लागली आणि पुढे आपापल्या उद्योगाला लागली. त्यांना शिकविणाऱ्या शिक्षकांच्या घरी नाताळच्या दुपारी जायचे, ही त्या मुलांच्या घरातली रीतच होऊन बसली.

जावे तर खाण्याचा प्रश्न उभा राहतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी नाताळ आला तर घरातल्या सुवासिनींचा उपास. २०१५ साली तर २४ डिसेंबरला दत्तजयंती आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाताळ! केकमध्ये अंडे, बेबिंकमध्ये तर अंड्यांचा बलकच मुख्य. परंतु तांदूळ, नारळाचा रस आणि काळा गूळ आटवून केलेला दोदोल आहे, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच. ‘आम्ही अंडे खात नाही’ हे हसतमुखाने सांगितल्याने कोणी रागावल्याचे आम्ही पाहिले नाही. केक तोंडाजवळ नेऊन हळूच रुमालात दडविणारी मंडळी मात्र पाहिली आहेत, आणि यजमानीण ते पाहून न पाहिल्यासारखे करते, हेही पाहिले आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेला बोलावणे आले तर मागच्या बाकावर बसावे, सारे उठले की उठावे. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहू नये, कारण तो त्या धर्माची दीक्षा घेतलेल्यांसाठी आहे. आपल्याकडे सोवळे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडे या जाण्यायेण्यावर सावट आले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. २०२१ साली २३ डिसेंबरला, बेळगावातच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. नाताळ दोन दिवसांवर आला होता. त्या वर्षी शुभेच्छा देणारा आणि घेणारा, दोघेही आवाज किंचित खाली आणून बोलत. कायद्याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण शेजाऱ्याला शुभेच्छा दिल्याने आपला धर्म बाटतो असे मानणाऱ्यांना आमचे एवढेच विचारणे आहे, की आपल्या गणपतीपुढचा मोदक ज्या शेजाऱ्याने हातावर घेतला, तो त्याने हिंदू झाला काय?

आमच्या ओळखीच्या एक वृद्ध गोमंतकीय शिक्षिका कॅम्पात राहतात. सारे घर त्यांना टीचरबाई म्हणते. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाते आणि नाताळला त्यांच्याकडून दोदोल व नेवऱ्या येतात. आमच्यासाठीचा वाटा त्या अंड्याच्या जिनसांपासून वेगळा काढून ठेवतात. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्यांचे धाकटे बंधू वारले. डिसेंबर उजाडला, पण त्यांच्या सज्जात चांदणी लागली नाही. आता नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात, की सांत्वनाला जावे, की मुळीच जाऊ नये? घरात दोन दिवस खल झाला. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, “ज्या घरी दुःख असते तिथे सणाला कढई चढत नाही आणि शेजारी फराळ नेऊन देतात, ही आपली रीत. मग त्यांच्याकडे तरी यंदा कोण तळणार?”

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही उभयता करंज्यांचे ताट घेऊन निघालो. काय बोलायचे याची जुळवाजुळव वाटभर चालली होती. टीचरबाईंनी दार उघडले. कोपऱ्यात लहानसा गोठा मांडलेला होता व पुढे एकच मेणबत्ती. आमच्या तोंडून शब्द फुटेना. सौ. म्हणाल्या, “टीचरबाई, यंदा तुमच्याकडे तळण झाले नसेल, म्हणून आणले.” त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतले, “बसा वहिनी,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तासभर भावाच्याच गोष्टी निघाल्या: तो खडेबाजारातून सायकलवरून कसा जाई, आणि गोव्याला गेला की पहिल्याच दिवशी बेळगावच्या कुंद्याची आठवण कशी काढी. नाताळचा उच्चार कोणीच केला नाही.

संक्रांतीच्या आधी ताट परत आले. रिकामे कसे द्यावे म्हणून त्यांनी त्यात ओंजळभर साखर घातली होती.