संगणकाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. भांडीकुंडी एका दिवसात नव्या घरी पोहोचतात. परंतु घरातील म्हाताऱ्या माणसाचा हात दिव्याचे बटण शोधताना कित्येक दिवस जुन्याच जागेकडे जातो. संगणकाचेही असेच असते, हे आमचा जुना संगणक कायमचा बंद पडला तेव्हा मला कळले.

त्या यंत्राला आता भंगाराचेच मोल होते. पण त्याच्या हार्ड डिस्कमध्ये माझ्या वडिलांचे बारा वर्षांचे श्रम साठलेले होते. शेतीतून नाहीशा होत चाललेल्या शब्दांचा ते संग्रह करीत. पाभरीवरील ज्या वाटीतून बी सोडतात ते 'चाडे', खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब तो 'तिवडा', असे शेकडो शब्द त्यांनी वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकून टिपले होते. ते शेतकरी आज हयात नाहीत, वडीलही नाहीत. शब्द तेवढे त्या डिस्कमध्ये उरले होते.

हार्ड डिस्क ही मोठी नवलाची वस्तू आहे. १९५६ साली निघालेली पहिली हार्ड डिस्क कपाटाएवढी होती. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या असून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. वडिलांची डिस्क मात्र तळहातावर राहील एवढी. तिच्या चकत्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात आणि मजकूर वाचणारे टोक त्यांच्यावर, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर, तरंगत असते. अशा नाजूक वस्तूचा भरवसा किती धरावा?

म्हणूनच संगणक दुरुस्त करणारा तरुण म्हणाला, "काका, आधी नक्कल करून घेऊ, प्रयोग मागाहून." जुन्या डिस्कची रुंद, चपटी केबल नव्या यंत्रात बसेना. मध्ये एक जोडणी घालून त्याने सारी डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली. मग ती नक्कल नव्या संगणकावर चालू केली, तो पडदा निळा झाला आणि काम थांबले!

याचे कारण मोठे गमतीचे आहे. संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. आमची विंडोज एक्सपी २००१ साली निघालेली. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी तिला 'ड्रायव्हर' नावाचे दुभाषे लागतात. तिच्याजवळचे दुभाषे जुन्या यंत्राचे. नव्या यंत्राची भाषा त्यांना कोठून येणार? स्वतःच्याच डिस्ककडे जाण्याची वाट तिला सापडेना.

नुसता मजकूर उघडून पाहिला, तर 'तिवडा'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ! वडिलांनी वापरलेल्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली होती. तो फॉन्ट नसेल, तर मराठी दिसणार कसे?

अखेर त्या तरुणाने नव्या संगणकाच्या आत एक काल्पनिक जुना संगणक उभा केला. नव्या घरात आजीसाठी तिच्या सवयीची खोली सजवावी, तसाच हा प्रकार! त्या खोलीत जुनी ऑपरेटिंग सिस्टीम सुखाने जागी झाली आणि पडद्यावर 'चाडे' हा शब्द स्वच्छ उमटला. माझे डोळे भरून आले.

परंतु तेवढ्यावर थांबून चालणार नव्हते. १९९१ साली अवतरलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. वडिलांचे शब्द आता मी त्यात आणीत आहे. रूपांतर करताना जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या सरकतात. म्हणून रोज संध्याकाळी एकेक पान ताडून पाहतो.

हे काम करताना मला संत एकनाथांची आठवण होते. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये लिहिली गेली. पुढे प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि पाठांत अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ती शुद्ध करून ठेवली. कागद जीर्ण होतो, यंत्र बंद पडते. शब्द टिकतात ते पेटीत कुलूपबंद केल्याने नव्हे. प्रत्येक पिढीने ते आपल्या हातांनी पुन्हा उतरून, पुन्हा वाचून पुढच्या पिढीच्या हाती दिल्याने.