वाचनाचा वेग विकत मिळत नाही



आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसोबत बसतो. सध्या त्यांच्या मोबाईलवर एकच जाहिरात फिरते आहे : महिन्याभरात वाचनाचा वेग तिप्पट करा! धुणीभांडी करणाऱ्या आया आणि बिगारी काम करणारे बाप पोटाला चिमटा काढून या कोर्सची फी भरतात. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

वेग लागतोच, हे आधी मान्य करू. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरात २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि उतारे वाचायचे तेही त्याच वेळात. हळू वाचणारा मुलगा हुशार असूनही मागे पडतो. प्रश्न आहे तो हा वेग येतो कुठून याचा.

जाहिरातवाले म्हणतात, डोळ्यांतून. ओळीखालून बोट पळवा, मागे वळून वाचू नका, मनात उच्चार करू नका. हा धंदा नवा नाही. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी असे वर्ग १९५९ सालीच सुरू केले होते. पण कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचनावरच्या संशोधनाचा घेतलेला मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात या दाव्यांना आधार सापडत नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. दर थांब्यावर साधारण पाव सेकंद थांबतो आणि तेवढ्यात त्याला मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात. पान एका नजरेत टिपता येत नाही. मागे वळून वाचणे हीसुद्धा खोड नव्हे. काहीतरी निसटले, हे लक्षात आल्यावर वाचणारा मागे जातो. ते बंद केले की वेग वाढल्यासारखा वाटतो, पण समज घटते. खरा वेग येतो तो भाषेच्या ओळखीतून आणि विषयाच्या पूर्वज्ञानातून.

इथेच जात आणि वर्ग येतात. 'परंतुक', 'अन्वये', 'राजकोषीय तूट' हे शब्द काही घरांत जेवणाच्या ताटावर ऐकू येतात. आमच्या मुलांना ते पहिल्यांदा भेटतात परीक्षेच्या हॉलमध्ये. ओळखीचा शब्द डोळा सहज पार करतो, अनोळखी शब्दाशी अडतो. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते हेच. मग मुलाला मंद ठरवायचे, की पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारायचा?

हे अंतर कापता येते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखावर तिने व्यवस्थेला थेट सवाल केले. तिला शाळा मिळाली होती, शब्द मिळाले होते.

मग करायचे काय? आम्ही विहारात जे करतो ते सांगतो. तीनशे शब्दांचा उतारा घ्यायचा. एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ओळींवर नजर ठेवायची. अडलेले शब्द वहीत उतरवून त्यांचा अर्थ लावायचा. मग प्रत्येकाने तोच उतारा मनात वाचायचा, पान झाकायचे आणि मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायचा. आठवडाभर एकाच विषयावरचे लेख वाचायचे. सोमवारी जो विषय अडखळायला लावतो, तो शनिवारी बराच सोपा झालेला असतो. घड्याळ लावायचे, पण पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरे बरोबर आली तरच तो वेग वहीत लिहायचा. न समजता गाठलेला वेग आम्ही मोजत नाही. याला महिने लागतात, फी मात्र लागत नाही.

आणखी एक, सगळे एकाच वेगाने वाचायचे नसते. जाहिरातीतली शेवटची तारीख शोधायला नजर फिरवली तरी चालते. पण शिष्यवृत्तीच्या जीआरमधली अट, कर्जाच्या कागदावरचा बारीक मजकूर, घर पाडण्याची नोटीस हे शब्दागणिक वाचावे लागते. तिथे घाईने केलेली सही पुढे कुटुंबाला भोवते.

बाबासाहेबांच्या अफाट वाचनाची उदाहरणे आपण जयंतीच्या भाषणांत देतो, पण त्यांनी वाचले कसे, हे सांगत नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी पुरुषसूक्त नुसते डोळ्यांखालून घातले नाही, त्याची कठोर चिकित्सा केली. ज्या ग्रंथांनी आपल्याला गुलाम ठरवले, ते थांबून, उलटतपासणी करत वाचले, म्हणून त्यांना उत्तर देता आले. तथागतांनीही कालामांना हेच सांगितले, की धर्मग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखायला थांबावे लागते.

म्हणून शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या बांधवांना आमची एकच विनंती आहे. आठवड्यातला एक तास जवळच्या विहारात द्या. एका मुलासोबत एक उतारा वाचा. तुमच्याकडचे शब्द त्याच्याकडे जाऊ द्या, वेग त्यातूनच येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!