ताडपत्रीला खडा

परदेशात जाऊन आलो म्हटलं की लोक पासपोर्टची चौकशी करतात. माझ्याकडे पासपोर्ट नाही. मतदार ओळखपत्र खिशात ठेवून सुनौलीच्या कमानीखालून मी चालत नेपाळात गेलो. ते कार्डसुद्धा कुणी मागितलं नाही. पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, तेवढाच काय तो परदेश.

आमच्या मंडळीतली तरुण पोरं या जाण्याला ‘मिशन ट्रिप’ म्हणत होती. माझ्या कानाला ते खटकायचं. नगरच्या आमच्या पिढीला मिशन म्हणजे कंपाउंड, शाळा, दवाखाना आणि बोटीनं आलेली गोरी माणसं. १८३१ पासून आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. जोंधळ्यासाठी बाटले, हे वाक्य आमच्या घरानं पुढं दोन पिढ्या ऐकलं. त्यामुळे आपणही कधी कुणाच्या दारात मिशनची माणसं म्हणून उभे राहू, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला. ७.८ मॅग्निट्यूडचा, केंद्र गोरखा जिल्ह्यातलं बारपाक. पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेनंतर लिलाव ठेवला. खरं तर लिलाव आमच्याकडे सुगीच्या सणाला होतो. अर्पणाच्या कोंबड्या, भोपळे, ज्वारीच्या गोण्या बोली लावून विकतात. कोंबडी घेणारा पैसे भरतो आणि तीच कोंबडी पुन्हा लिलावाला देतो. त्या दिवशी एक गावठी कोंबडा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी पाळकांच्याच अंगणात राहिला. त्या पैशांतून आम्ही सहा जण मे महिन्याच्या अखेरीस मनमाडहून गोरखपूरच्या गाडीत बसलो. चौघं तरुण संघातले, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई आणि मी, खजिनदार. साठ ताडपत्र्या गोरखपूरला घेतल्या, चोवीस बाय अठराच्या. सीमेवर ताडपत्र्यांच्या कागदांत अर्धा दिवस गेला. मग बुटवल, नारायणघाट, मुग्लिंग आणि त्रिशूलीच्या काठाकाठानं मलेखूपर्यंत. तिथून धादिंगबेसी, आणि वर जीप जाईल तिथपर्यंत.

गाव तामांग लोकांचं. अर्धी घरं बौद्ध, अर्धी ख्रिस्ती. घरं कसली, दगडमातीचे ढीग. त्यातून कुठं पलंगाचा पाय वर आलेला, कुठं पत्र्याची कड. मका मात्र शेतात गुडघ्याएवढा हिरवागार उभा होता. १२ मे ला दुसरा मोठा धक्का बसला होता, ७.३ चा, त्यानंतर भिंती शाबूत असलेली माणसंही आत झोपायला तयार नव्हती.

तिथल्या पास्टरांनी ‘जयमसीह’ करून हात जोडले. वयानं माझ्याहून लहान, पण चेहऱ्यावरून मोठे वाटत होते. तेही चर्चला ‘मण्डली’च म्हणतात हे कळल्यावर आमची पोरं उगाच खूश झाली. बोलणं हिंदीत, मधेमधे नेपाळी. भूकंप शनिवारी झाला, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी. जगाच्या दृष्टीनं ते नशीबच, शाळा बंद होत्या. पण नेपाळात सुट्टी शनिवारची असल्यामुळे चर्चही शनिवारीच भरतं. ही मंडळी खाली बसून प्रार्थना करत होती आणि छप्पर आलं. सुट्टीमुळे घरी असलेले बौद्ध शेजारी कुदळी घेऊन धावले. “त्या कोपऱ्यातून चौदा जण काढले,” पास्टर बोटानं दाखवत म्हणाले. तीन जण मात्र गेले होते.

आमच्या एका पोरानं खोक्यातून शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका आणल्या होत्या. पास्टरांनी एक हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत खोक्यात ठेवली. “भाई, हे गाडीतच राहू दे. भात एका हातात आणि पुस्तक दुसऱ्या हातात, असं नको.” दुसऱ्याचं धर्मांतर करायला त्यांच्या अंतरिम राज्यघटनेतच मनाई होती, पण ते कायद्याला भिऊन बोलत नव्हते. पोराचं तोंड उतरलं. मला पणजी आठवली, आणि मी त्या पोराला काहीच बोललो नाही.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. माझा शहाणपणा संपला तो यादीपाशी.

मंडळीची सत्तावन्न घरं होती. आमच्या ताडपत्र्या साठ. खजिनदाराला याहून सुंदर हिशेब कुठला मिळणार? सत्तावन्न सह्या, सत्तावन्न फोटो, तीन शिल्लक. मी वही उघडून नावं घ्यायला बसलो. समोर ओळ लागली आणि तिच्या पलीकडे, जरा अंतर ठेवून, उरलेलं गाव उभं राहिलं. ती माणसं काही मागत नव्हती, नुसती बघत होती. एका म्हाताऱ्याच्या कपाळावरची जखम अजून ओली होती. ती कुदळ मारताना वरून दगड पडून झालेली, हे मला नंतर कळलं.

नर्सबाई वहीवर हात ठेवून म्हणाल्या, “दादा, हे बरं दिसत नाही.”

मी म्हणालो, पैसा मंडळीचा आहे, विचारणारे मला विचारणार. वर पौलाच्या पत्राचा आधार दिला, विश्वासाच्या घराण्यातल्यांकडे विशेष लक्ष द्या म्हणणारा. त्याच वाक्याच्या आधीच्या भागात सगळ्यांचंच बरं करा असं आहे. तो भाग मला पाठ आहे. त्या वेळी तो मी म्हटला नाही.

पास्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “दाइ, तुम्ही परवा जाल. पाणी भरायला धारा एकच आहे. तिथं रोज आम्हाला एकमेकांसमोर उभं राहायचंय.”

ते उठले, कुठूनतरी खुकुरी घेऊन आले आणि एक नवी कोरी ताडपत्री जमिनीवर अंथरून मधोमध कापली. चर्रर्र असा आवाज झाला. माझ्या पोटात गोळा आला, मालाचा नाश डोळ्यांसमोर चाललेला. गावची घरं सगळी मिळून एकशे बारा. साठाचे झाले एकशे वीस तुकडे.

पण कापलेल्या ताडपत्रीची एक अडचण असते. कंपनीनं मारलेले आयलेट काठाला असतात. कापलेल्या बाजूला दोरी बांधायला भोकच नाही, आणि नुसतं भोक पाडलं तर पहिल्या वाऱ्यात ते फाटत जातं. पोरं सुई शोधायला लागली. तेव्हा मला आमच्या बापाचा कांदा आठवला. अवकाळीची हवा झाली की बाप कांद्याच्या ढिगावर फाटक्या ताडपत्र्या टाकायचा. त्यांना कधीच आयलेट नव्हते. लिंबाएवढा गुळगुळीत खडा काठापासून वीतभर आत ताडपत्रीखाली धरायचा, वरून ताडपत्री त्याच्याभोवती मुरडायची आणि त्या मानेला दोरीचा फास द्यायचा. जितकं ओढाल तितकं आवळतं. खडा मात्र धारेचा नको, नाहीतर तोच ताडपत्री कापतो.

मी एक करून दाखवला. कपाळावर जखम असलेला म्हातारा पुढं आला, त्यानं फास हिसका देऊन पाहिला आणि ओढ्याकडं निघून गेला. येताना टोपलीभर गोटे घेऊन आला. मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं घरोघर खडे बांधत फिरलो. त्याला हिंदी येत नव्हतं, मला तामांग. फास सैल राहिला की तो जीभ चुकचुकायचा, एवढंच संभाषण. माझ्या वहीत त्या दिवशी एकही सही झाली नाही. नगरला आल्यावर हिशेबाच्या बैठकीत त्यावरून दोघांनी मला चांगलंच धारेवर धरलं, आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.

रात्री जोराचा वळीव झाला. मी पास्टरांच्या तुकड्याखाली पडून वरच्या फुगवट्याकडे बघत होतो. पहाटे कधीतरी जमीन हलली, कुत्री भुंकली, कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली आणि पलीकडच्या तुकड्याखालून दुसऱ्या कुणाचं तरी मंत्र पुटपुटणं ऐकू आलं. खडे टिकले. एक सुटला होता, तो माझ्या हातचा.

निघताना त्या म्हाताऱ्याची बायको आली. सगळे तिला आमा म्हणत. “खाना खानुभयो?” तिनं विचारलं. आम्ही हो म्हटलं तरी तिनं कापडाची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. भाजलेला मका आणि सोयाबीन. तो मका त्यांच्या पडलेल्या घराखालून उकरून काढलेला आहे, पास्टरांनी हळूच सांगितलं, पुढचं पीक येईपर्यंत तेवढाच. मी पुरचुंडी परत द्यायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. “दाइ, घ्या. आमचंही घेतलं पाहिजे.”

गोरखपूरपासून मनमाडपर्यंत तो मका पुरला. डब्यातल्या अनोळखी लोकांनाही मूठमूठ दिला. मधूनच दाताखाली कचकन माती यायची, भिंतीची. पोरं खिडकीतून थुंकायची. मी गिळत होतो.