बोधचिन्हाखालचे नाव

महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रांचा साचा आम्ही जुळवतो, तेव्हा बोधचिन्ह स्थिर असते. त्याखालचे नाव प्रत्येक प्रतीत बदलते. रिकाम्या जागा टाकून ‘उमा’ मधोमध आणली, की ‘ज्ञानेश्वरी’ एका बाजूला कलते. चौकटीचा मध्य बोधचिन्हाच्या मध्यरेषेवर ठेवून मजकूर मध्यभागी बांधला, की हे मिटते. खरा पेच लांब नावांचा. ‘मावेल तसे लहान करा’ ही सोय वापरली, तर लांब आडनावाचा विद्यार्थी शेजाऱ्यापेक्षा बारीक अक्षरांत छापला जातो. का म्हणून? महाराष्ट्रात १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत २०२४ पासून आईचे नावही अनिवार्य आहे. ती मुले पदवीला येतील तेव्हा ओळ आणखी लांबेल. आम्ही आडनाव खालच्या ओळीवर घेतो. साचा थोडा उंच होतो, मुद्रक कुरकुरतो. आईचे नाव मात्र पहिल्याच ओळीत राहते.