दार लोटले, कडी नाही

सुलतान काबूस १० जानेवारी २०२० रोजी वारले. शब्बाथ संपताच आमच्या घरी वाद जुंपला. वडीलधारे म्हणाले, १९७९ साली इजिप्तने इस्राएलशी तह केला, तेव्हा बहुतेक अरब देशांनी त्याच्याशी संबंध तोडले. ओमानने तोडले नाहीत. १९९४ साली राबिन मस्कतला जाऊन आले. ज्यांची मुले सैन्यात, ते म्हणाले, व्यापार कचेरी १९९६ साली उघडली आणि २००० साली बंद केली. इराणशीही स्नेह राखला. मग भरवसा कसला?

आम्हांला दोन्ही पटते. पण मस्कतच्या खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधन केंद्रात इस्राएल पुढेही सभासद राहिले. २०१८ साली नेतान्याहूही तेथे गेले. काबूसांनी दार लोटले, कडी घातली नाही. दोन्ही वाड्यांशी बोलणारा शेजारी कुणाचाच सगा नसतो. पण भांडण पेटले की निरोप त्याच्याच हाती धाडावा लागतो.